आजारी बालकाचें घर : दिवसाचें शुश्रूषागृह कीं घरची परिचारिका?

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत धर्मगुरूनें चर्चची पायाभरणी, वेदी, घंटा आणि आजवर होऊन गेलेले धर्मगुरु ह्यांजविषयीं लिहावें अशी रीत आहे. तो वृत्तान्त ह्या अंकांत इतरांनीं लिहिलाच आहे. मला मात्र आज वाचकांचें लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधावयाचें आहे. आणि तें कां, हें प्रथम सांगणें माझें कर्तव्य आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, मी एका घरीं आजाऱ्याला भेटावयास गेलों. आजारी होतें तें चार वर्षांचें मूल. त्याच्या गळ्यांत शस्त्रक्रियेनें पाडलेल्या छिद्रांतून श्वासाची नळी बसविलेली होती आणि पोटांत दूध घालण्याची नळी होती. तासातासाला यंत्र लावून गळ्यांतील कफ ओढून काढावा लागे. त्याच्या आईनें मला विचारलें, “फादर, एका संस्थेचें केंद्र आहे, तेथें दिवसा नेऊन ठेवूं, कीं घरींच नर्स बघूं?” मीं क्षणभरही विचार न करतां म्हटलें, “बाई, आईच्या मांडीसारखें इस्पितळ नाहीं. घरींच ठेवा.” त्या माउलीनें तें ऐकलें. नर्स मिळाली ती दोन महिने टिकली. पुढें कोणी मिळेना. आई रात्रंदिवस एकटी जागत राहिली. एके पहांटे तिचा डोळा लागला आणि नळींत कफ अडकून मूल निळें पडलें. आजी वेळींच जागी झाली म्हणून तें वांचलें. मी भेटावयास गेलों तेव्हां ती शांतपणें एवढेंच म्हणाली, “फादर, तुम्हीं सांगितलें तें खोटें नव्हतें, पण रात्रीं जागायला कोण येणार, तें तुम्हीं सांगितलें नाहीं.”

तें वाक्य मला विसरतां आलें नाहीं. मीं दिलेला सल्ला गोड होता, परंतु अज्ञानाचा होता. तेव्हांपासून ह्या विषयावर जें जें वाचावयास मिळालें तें तें मी वाचीत आलों आणि माझ्या असें ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न त्या एका मातेचा नाहीं. त्याच्या मागें चारशें वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यांत येथें मांडतों.

इ. स. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्समधील शातियों नामक लहानशा गांवीं एक घटना घडली. रविवारीं मिस्सेची तयारी चालली असतां, गांवाबाहेरच्या एका घरांत सगळेंच कुटुंब आजारी असून पाणी द्यावयासही कोणी उठूं शकत नाहीं, अशी वार्ता तेथील धर्मगुरूला कळली. तो धर्मगुरु म्हणजे संत विन्सेंट दी पॉल. त्यानें प्रवचनांत तें सांगतांच सारा गांव भाकरी, मांस व रस्सा घेऊन त्या घराकडे लोटला. सायंकाळीं विन्सेंट तिकडे निघाला तेव्हां येणाऱ्याजाणाऱ्यांनीं रस्ता भरून गेला होता. परंतु त्याच्या मनांत निराळाच विचार आला: आज ह्या घरांत खाऊन उरेल इतकें अन्न आलें, तें उद्यां नासेल, आणि परवां हीं माणसें पुन्हां उपाशींच राहतील. लोकांच्या अंगीं दया पुष्कळ आहे, व्यवस्था नाहीं. थोड्याच दिवसांत त्यानें तेथील स्त्रियांची एक मंडळी स्थापिली व कोणत्या दिवशीं कोणीं आजाऱ्याचें पाहावें ह्याची पाळी लावून दिली. वाचकांनीं ही पाळी ध्यानांत ठेवावी. पुढील साऱ्या इतिहासाचें मर्म तिच्यांत आहे.

इ. स. १६३३ च्या नोव्हेंबरांत त्यानें संत लुईज दी मारियाक हिच्या साह्यानें ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा भगिनींचा संघ सुरू केला. त्या काळीं व्रतस्थ स्त्रियांनीं मठाच्या भिंतींआड राहावें असा नियम होता. ह्या भगिनींनीं मात्र गरिबांच्या घरोघर जाऊन शुश्रूषा करावयाची होती. पुढें १६३८ पासून पॅरिसमधील टाकून दिलेलीं तान्हीं मुलेंही त्यांच्याकडे आलीं. अशा रीतीनें आजाऱ्याकडे चालत जाणारी परिचारिका ख्रिस्ती जगांत रुजली.

ह्याला जोड म्हणून दुसरी कल्पना आली ती दोनशें वर्षांनीं. पॅरिसमध्यें १८०२ सालीं केवळ मुलांसाठीं असें पहिलें रुग्णालय उघडलें. लंडनमध्यें १८५२ सालीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर दहा खाटांचें रुग्णालय निघालें. ह्या दोहोंच्या दरम्यान, १८४४ च्या नोव्हेंबरांत, फिर्मिन मार्बो ह्या गृहस्थानें पॅरिसच्या शायो भागांत पहिलें पाळणाघर काढलें. मजुरीला जाणाऱ्या आईनें सकाळीं मूल आणून सोडावें, मधून येऊन पाजावें व सायंकाळीं घरीं न्यावें, अशी तेथील रीत होती. परंतु आजारी मुलाला तेथें प्रवेश नव्हता. पाळणाघर निरोगी मुलांसाठीं आणि रुग्णालय आजारी मुलांसाठीं, अशी विभागणी झाली. जें मूल जन्मभर आजारी राहणार, आणि तरीही ज्याला वाढावयाचें, शिकावयाचें व खेळावयाचें आहे, त्याला दोहोंतही जागा नव्हती. अर्थात् त्या काळीं असें मूल बहुधा वांचतच नसे.

घरच्या शुश्रूषेला पद्धतशीर रूप आलें तें इंग्लंडांत. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन ह्यांची पत्नी १८५९ सालीं वारली. तिच्या अखेरच्या आजारांत मेरी रॉबिन्सन नांवाच्या परिचारिकेनें तिची सेवा केली होती. रॅथबोन ह्यांच्या मनांत आलें कीं, धनवंताच्या घरीं एवढा आराम ह्या सेवेनें मिळतो, तर गरिबाच्या झोपडींत ती केवढें काम करील! त्यांनीं तिलाच तीन महिन्यांसाठीं शहराच्या गरीब वस्तींत पाठविलें. महिन्याभरानें ती रडत परत आली. एवढें दुःख मला पाहवत नाहीं, असें म्हणाली. रॅथबोन ह्यांनीं तिला धीर देऊन मुदत पुरी करावयास लावलें. आणि तीन महिने संपल्यावर तिनें आपण होऊन तेंच काम पुढें चालविण्याची इच्छा दर्शविली. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें लिलियन वॉल्ड ह्या बाईनें १८९३ सालीं असेंच कार्य आरंभिलें. १९०९ मध्यें तेथील एका मोठ्या विमा कंपनीनें आपल्या विमेदारांच्या घरीं अशा परिचारिका पाठविण्याचा खर्च उचलला. घरच्या शुश्रूषेचा पैसा कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून ह्या कथेंत शिरला, तो आजतागायत बाहेर पडलेला नाहीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रुग्णालयांचें महत्त्व फार वाढलें. १९२८ सालीं बोस्टन येथें फिलिप ड्रिंकर ह्यांचें श्वासयंत्र पोलिओनें गुदमरलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीवर प्रथम वापरण्यांत आलें. लोक त्या पेटीला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणूं लागले. १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची भयंकर सांथ आली. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन ह्या डॉक्टरांनीं गळ्यांत छिद्र पाडून नळींतून हवा भरण्याचा उपाय योजिला. यंत्रें पुरेशीं नव्हतीं. म्हणून सुमारें पंधराशें वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रबरी पिशव्या हातांनीं दाबून रोग्यांचा श्वास दिवसच्या दिवस चालू ठेवला. येथेंही यंत्राहून पाळीनेंच माणसें वांचविलीं, हें लक्षांत घ्यावें.

परंतु रुग्णालयाची एक बाजू काळी होती. पुष्कळ ठिकाणीं आईबापांना आठवड्यांतून कांहीं थोडे तासच मुलाला भेटूं देत. मूल रडून रडून गप्प झालें म्हणजे तें रुळलें, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं १९५२ सालीं रुग्णालयांत ठेवलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेऊन तें गप्प होणें म्हणजे रुळणें नसून निराशा आहे, हें डॉक्टरांच्या डोळ्यांपुढें ठेवलें. १९५९ मध्यें इंग्लंडच्या सरकारनें नेमलेल्या प्लॅट समितीनें आईबापांना मोकळेपणानें भेटूं द्यावें व शक्य तेथें आईला मुलाजवळ राहूं द्यावें, अशी शिफारस केली.

त्यानंतर वैद्यकशास्त्रानें मोठी उडी घेतली. अपुऱ्या दिवसांचीं बालकें वांचूं लागलीं. स्टॅन्ले डड्रिक ह्यांनीं १९६७-६८ च्या सुमारास शिरेवाटें संपूर्ण पोषण देऊन एक तान्हें बाळ वाढविलें. १९७९-८० मध्यें क्लीव्हलंड येथें पोट न उघडतां पोटांत दुधाची नळी बसविण्याची युक्ति निघाली. ह्या साऱ्यांतून एक नवें बालक जगांत आलें: जें वांचतें, पण यंत्रावर, जें वाढतें, पण नळीच्या आधारानें. त्याला बरें करून घरीं धाडतां येत नव्हतें. म्हणून कित्येक मुलें वर्षानुवर्षें रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतच राहिलीं. तोच त्यांचा पाळणा, तीच शाळा आणि तेंच घर.

अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील सीडर रॅपिड्स गांवची केटी बेकेट ही त्यांपैकीं एक. तिचा जन्म १९७८ चा. पांच महिन्यांची असतां मेंदूला सूज येऊन तिचीं गात्रें लुळीं पडलीं व श्वास यंत्राधीन झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत ती घरीं जाण्याजोगी झाली. पण विम्याची मर्यादा संपलेली होती, आणि मेडिकेड ह्या सरकारी योजनेचा नियम असा कीं, मूल रुग्णालयांत असेल तर खर्च सरकार देईल. घरीं गेलें तर आईबापांचें उत्पन्न मोजलें जाईल व मदत बंद होईल. १० नोव्हेंबर १९८१ रोजीं राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनीं पत्रकारांसमोर तिची हकीगत सांगितली. त्यांनीं दिलेले आकडे असे होते: रुग्णालयांत महिना सहा हजार डॉलर, घरीं एक हजार. त्याच डिसेंबरांत केटीला विशेष सवलतीनें घरीं धाडण्यांत आलें, आणि १९८२ च्या कायद्यानें इतर राज्यांनाही अशी सूट देण्याचा मार्ग मोकळा झाला. केटी पुढें दयेच्या भगिनींनीं स्थापिलेल्या माउंट मर्सी महाविद्यालयांतून २००१ सालीं पदवीधर झाली आणि अपंगांच्या हक्कांसाठीं बोलत राहिली. २०१२ सालीं चौतिसाव्या वर्षीं तिचें निधन झालें. जिला रुग्णालयाबाहेर जगणेंही अशक्य मानलें गेलें होतें, तिनें बाहेर तीस वर्षें काढलीं!

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग फादरांचा सल्ला बरोबरच होता, घरच उत्तम. परंतु कथा येथें संपत नाहीं. केटीच्या मागोमाग हजारों मुलें घरीं आलीं. १९८९ च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील मेडिकेडच्या मुलांना आवश्यक ती प्रत्येक वैद्यकीय सेवा देणें राज्यांवर बंधनकारक झालें. घरची परिचारिकाही तिच्यांत आली. कागदावर तास मंजूर होऊं लागले, परंतु त्या तासांना माणूस मिळेना. रुग्णालयांत परिचारिकेला पगार अधिक, सोबतीला डॉक्टर व मैत्रिणी. घरीं पगार कमी आणि सारी जबाबदारी एकटीवर. रात्रीची पाळी रिकामी राहिली कीं ती आईनेंच भरावयाची. शिवाय परकें माणूस आठ-आठ, बारा-बारा तास घरांत वावरणार. त्याच्यासमोर नवराबायकोनें भांडावें तरी कसें आणि रडावें तरी कोठें, हीही अडचण लहान नाहीं.

ह्या अडचणींतून दुसरा मार्ग निघाला. फ्लोरिडा राज्यांत १९८० नंतरच्या दशकांत मार्बोच्या पाळणाघराला जणूं रुग्णालयाची जोड देण्यांत आली. डॉक्टरांच्या लेखी आदेशावरून, पालकांच्या संमतीनें, आजारी मुलाला सकाळीं गाडीनें न्यावयाचें; तेथें परिचारिकांनीं औषधें, नळीचें अन्न, कफ काढणें, व्यायाम हें सर्व पाहावयाचें; आणि सायंकाळीं मूल घरीं आणावयाचें. दिवसाला अधिकांत अधिक बारा तास; सामान्यतः तीन मुलांमागें एक सेविका. पुढें इतर कांहीं राज्यांनींही ही पद्धति उचलली.

तिचे लाभ उघड आहेत. एक परिचारिका आजारी पडली तरी दुसरी असते. केंद्र बंद पडत नाहीं. मूल दुसऱ्या मुलांचा आवाज ऐकतें, रंग पाहतें, त्याला सवंगडी मिळतो. आई नोकरीला जाऊं शकते किंवा नुसती झोपूं शकते. परंतु उणीवाही तितक्याच खऱ्या आहेत. रात्रीं केंद्र नसतें, आणि श्वास रात्रींही चालावा लागतो. एका मुलाची सर्दी दहा मुलांना लागते, आणि ज्याला सर्दी म्हणजे मृत्यूचें दार, त्याचें काय? यंत्रासह रोज गाडींतून नेणें प्रत्येक मुलाला सोसत नाहीं. अत्यंत नाजूक मुलाला केंद्र घेतही नाहीं.

दोन्ही सोयी कोलमडल्या म्हणजे काय होतें, हेंही त्याच फ्लोरिडानें दाखविलें. घरीं पुरेशी परिचर्या मिळत नाहीं म्हणून कित्येक मुलें वृद्धांसाठीं असतात तशा शुश्रूषालयांत वर्षानुवर्षें ठेवण्यांत आलीं. १९९९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ऑल्मस्टेड खटल्यांत असें ठरविलें होतें कीं, अपंगांना विनाकारण संस्थेंत अलग ठेवणें हा भेदभाव आहे. त्याच्या आधारें मध्यवर्ती सरकारनें २०१३ सालीं फ्लोरिडावर दावा लावला. २०२३ सालीं जिल्हा न्यायालयानें राज्याविरुद्ध निकाल देऊन घरच्या परिचर्येचे मंजूर तास प्रत्यक्षांत पुरविण्याचा हुकूम केला. राज्यानें वरच्या न्यायालयांत दाद मागितली. सोय कागदावर असणें आणि ती दारीं येणें ह्यांतील अंतर केवढें, हें ह्या दहा वर्षांच्या खटल्यावरून कळतें.

आणखी एका घराचा उल्लेख करणें अवश्य आहे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका ह्या अँग्लिकन भगिनीची हेलन नांवाच्या एका अतिशय आजारी मुलीच्या आईबापांशीं ओळख झाली. ते मुलीला घरींच सांभाळीत होते. सिस्टर मधूनमधून तिला आपल्याकडे नेऊन त्यांना विसांवा देत. त्यांतून १९८२ सालीं ‘हेलन हाऊस’ उभें राहिलें. तेथें मूल कायमचें ठेवावयाचें नसतें; कांहीं दिवस ठेवून, आईबापांना बळ देऊन, परत न्यावयाचें असतें.

तर मग निवड कशी करावी? ह्या साऱ्या वाचनाअंतीं मला असें वाटतें कीं, घर चांगलें कीं केंद्र चांगलें, हा प्रश्नच अपुरा आहे. प्रथम मुलाकडे पाहावें: त्याचा श्वास कितपत स्थिर आहे, प्रवास सोसतो काय, संसर्गाचें भय किती, हें डॉक्टरांनीं सांगावयाचें आहे, आम्हां धर्मगुरूंनीं नव्हे. मग रात्रीकडे पाहावें: दिवसाची सोय झाली तरी रात्रीं कोण जागतें? मग आईकडे पाहावें: ती शेवटची सलग पांच तास केव्हां झोपली? मग बाकीच्या भावंडांकडे. आणि शेवटीं पैशाकडे. कारण पैसा शेवटीं पाहिला नाहीं तर तो आरंभींच निर्णय करून बसतो. केंद्र स्वस्त पडतें म्हणून घरची परिचारिका काढून घेणें जितकें चुकीचें, तितकेंच, आई असतांना केंद्र कशाला, असें म्हणणेंही चुकीचें. पुष्कळ कुटुंबांना दोन्हींची गरज असते: दिवसा केंद्र आणि रात्रीं घरीं परिचारिका, हिंवाळ्यांत घर आणि उन्हाळ्यांत केंद्र. मुलाची स्थिति बदलते, तसा निर्णयही बदलावा. त्यांत हार नाहीं.

आपल्या देशांतही आरंभ झालेला आहे. मुंबईंत डॉ. मिठू अलूर ह्यांनीं १९७२ सालीं मेंदूच्या पक्षाघातानें पीडित मुलांसाठीं शाळा व संस्था स्थापिली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता ह्यांसाठीं न्यास उभारला. त्यानें लहान मुलांच्या दिवसाच्या केंद्रांसाठीं ‘दिशा’ आणि आरोग्यविम्यासाठीं ‘निरामय’ ह्या योजना काढल्या. तथापि श्वासयंत्रावरील मुलाला ह्या केंद्रांचा आधार पुरत नाहीं. आपल्याकडे अशा मुलाची परिचारिका म्हणजे बहुतकरून त्याची आईच.

माझा दुसरा सल्ला मागावयास ती माता आली नाहीं. मीच तिच्याकडे गेलों, आणि चुकीची कबुली दिली. मग आम्हीं दोघांनीं मिळून धर्मग्रामांतील सहा घरें शोधलीं. त्यांतील दोन स्त्रियांनीं डॉक्टरांकडून कफ काढावयास शिकून घेतलें. आठवड्यांतील तीन रात्री त्या पाळीनें जागल्या, बाकीच्यांनीं डबा व धाकट्या मुलीची शाळा पाहिली, आणि दिवसा, तब्येत बरी असेल तेव्हां, मूल केंद्रांतही जाऊं लागलें. तें मूल पुढें साडेतीन वर्षें जगलें. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीं ती मला म्हणाली, “फादर, शेवटीं शेवटीं मला त्याची नर्स नाहीं, आई होतां आलें.”

सुज्ञ वाचकहो, महोत्सवाच्या ह्या वर्षांत आपण चर्चला रंग दिला, नवी घंटा बसविली. हें योग्यच झालें. परंतु आपल्या धर्मग्रामांतही अशीं घरें आहेत, जेथील दिवा रात्रभर मालवत नाहीं. शातियोंच्या लोकांप्रमाणें एका रविवारीं सगळ्यांनीं तिकडे धांव घेऊं नये. चर्चच्या दारापाशीं एक वही ठेविली आहे. तींत प्रत्येक आठवड्याच्या सात रात्री आंखलेल्या आहेत. ज्याला जी रात्र शक्य असेल, तिच्यापुढें त्यानें आपलें नांव लिहावें.